दोन हजार स्फोटांना एक थेंब

गाडी ताशी ६० किलोमीटरनं निवांत चाललीय. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला १००० वेळा. चार सिलिंडर मिळून ४०००. मिनिटाला एक किलोमीटर या हिशेबानं १००० किलोमीटरला ४० लाख स्फोट. इथवर सातवीतलं पोरगंही येईल. आता पुढं. माझी गाडी १००० किलोमीटरला साधारण १०० मिली इंजिन ऑइल खाते. एका मिलीत २० थेंब धरले तर झाले २००० थेंब. ४० लाख भागिले २०००, उत्तर २०००. दोन हजार स्फोटांमागे ऑइलचा एक थेंब! मी गणिताची शिक्षिका, भागाकार शिकवण्यातच हयात गेली, पण भागाकाराचं उत्तर बघून अंगावर काटा यावा असा प्रसंग यापूर्वी आल्याचं आठवत नाही.

अहो, बघा ना जरा. आत पेट्रोल पेटतं तेव्हा त्या ज्वाळेचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. तिच्यासमोर, सिलिंडरच्या भिंतीवर, ऑइलचा थर असतो तो जेमतेम काही मायक्रॉनचा. तोही रोज नव्यानं द्यावा असा नाही, पिस्टन खाली-वर होताना क्षणाक्षणाला लावला आणि पुसला जाणारा. त्याच एका किलोमीटरमध्ये चार पिस्टन मिळून त्या भिंतींवरून १६,००० वेळा घासून जातात. आणि एवढ्या भडक्यांत, एवढ्या घासाघाशीत, नासतं किती? किलोमीटरला दोन थेंब. गाडी ऑइल खाते म्हटल्यावर लोक कपाळाला आठ्या घालतात. मला मात्र आता उलटा प्रश्न पडलाय की बाकीचं ऑइल आत टिकतं तरी कसं!

हे वेड लागलं उद्यमनगरात. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, शिवाजी उद्यमनगर म्हणजे फाउंड्र्या, लेथ, बोरिंगची दुकानं आणि लोखंडाच्या किसाचा वास. अलीकडेच आम्ही एक जुनी हॅचबॅक घेतली. बाराशे सीसी, पेट्रोल, बऱ्यापैकी धावलेली. घेण्याआधी तिथल्या एका मिस्त्रींना दाखवली. त्यांनी चावी फिरवून कान दिला, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काजळी बघितली, खाली वाकून इंजिनाच्या तळाचं ऑइलचं चेंबर बघितलं आणि निकाल दिला.

“इंजन झकास हाय बाई. थोडं ऑइल खातंय, एवढंच. दोन सर्व्हिसिंगच्या मधी एकदा टॉप-अप मारत जावा.”

“खातंय म्हणजे? गळतंय का कुठून?”

“गळाय कुठलं? चेंबर कोरडं खडखडीत हाय. खातंय. सगळीच खात्यात. कुणी कमी, कुणी जास्त.”

सगळीच खातात! हे कुणी सांगत कसं नाही? आपल्या डोक्यातलं चित्र साधं असतं. पेट्रोल जळतं, ऑइल आतल्या आत फिरत राहतं, काळं पडलं की वर्षाकाठी बदलायचं. घरी येऊन गाडीचं मॅन्युअल उघडलं तर तिथं सरळ लिहिलेलं की इंजिन ऑइल वापरलं जाणं स्वाभाविक आहे, पातळी नियमित तपासावी. मग पुढं शोधत गेले तसे डोळे विस्फारले. फोक्सवॅगनसारख्या कंपनीच्या पुस्तकात १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानलेला आहे. काही कंपन्या तर एक लिटरपर्यंत जातात. आणि हे आकडे बिघाडाच्या प्रकरणात नसून टायरची हवा, वायपरचं पाणी यांच्या शेजारी, अगदी सहज दिलेले! माझ्या गाडीचे १०० मिली म्हणजे त्या मानानं उपासच.

पण थांबा, उपास म्हणून गप्प बसायची सोय नाही, कारण दुसरा गुणाकार वाट बघतोय. सर्व्हिसिंग होतं १०,००० किलोमीटरला. १०० मिलीच्या हिशेबानं तेवढ्यात गेलं एक लिटर. इंजिनात मुळात मावतं तीन लिटरच्या आसपास. म्हणजे तिसरा हिस्सा! आणि डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत फरक असतो तो साधारण एवढाच, लिटरभराचा, छोट्या गाड्यांत थोडा कमीच. म्हणजे पुस्तकाच्या दृष्टीनं ठणठणीत असलेलं, कुठंही न गळणारं, धुराचा मागमूस नसलेलं इंजिन एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत पोचेतो खालच्या खुणेला टेकलेलं असू शकतं. यात कुणाचा दोष नाही, कुणाची फसवणूक नाही, नुसतं गणित आहे. मिस्त्रींच्या त्या ‘मधी एकदा’मध्ये हे सगळं गणित बसलेलं होतं.

आणि तो तिसरा हिस्सा कमी झाला की उरलेल्या दोन लिटरांवर तीन लिटरांचं काम पडतं. तेच ऑइल जास्त वेळा फिरतं, जास्त तापतं, लवकर थकतं.

आता डिपस्टिकबद्दल. मिस्त्री तिला गेज म्हणतात. बोनेट उघडलं की पिवळ्या कडीची ती काडी समोरच दिसते. सकाळी शाळेला जायच्या आधी, इंजिन गार असताना, गाडी सपाटीला उभी असताना मी ती बाहेर काढते. पहिल्यांदा काढली की तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही, कारण ज्या नळीतून ती येते त्या नळीच्या भिंतींना लागलेलं ऑइल तिला माखून गेलेलं असतं. फडक्यानं स्वच्छ पुसायची, शेवटपर्यंत आत घालायची, क्षणभर थांबून पुन्हा काढायची आणि आडवी धरायची. उभी धरली की ओघळ खाली येतो आणि वाचन बिघडतं. मग दिसते ती रेघ! दोन खुणांच्या मध्ये, तांबूस सोनेरी, एका बाजूला स्पष्ट आणि पलटून बघितलं तर दुसऱ्या बाजूला किंचित वर. दोन्हींतली खालची खरी मानायची. ताज्या ऑइलची रेघ तर इतकी पारदर्शक असते की काडी उजेडाकडं तिरकी करावी लागते, तेव्हा कुठं ओल्या-कोरड्याची सीमा चमकते. नंतर ऑइल गडद होतं आणि वाचायला सोपं जातं. काळं झालं म्हणजे बाद झालं असंही नाही बरं का! डिझेल गाडीत तर नवीन ऑइल घालून थोडं फिरवलं तरी काजळीनं काळंभोर होतं. तिथं ती काजळी आपल्यात सामावून घेणं हे ऑइलचं कामच आहे. घाबरायचं ते ऑइल दुधट, फेसकट दिसलं तर. तेव्हा रेडिएटरमधलं कूलंट ऑइलमध्ये शिरल्याची शंका घ्यायची आणि गाडी हलवायची नाही.

गरम इंजिनावरही बघता येतं, पण बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायला हवं. वर, टॅपेटच्या बाजूला चढलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायला तेवढा वेळ लागतो. गार बघायचं की गरम, हे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तकात बघावं. कंपन्यांचं त्यात एकमत नाही.

तर, ऑइल जातं कुठं? मला हे डोळ्यांनी बघायचं होतं, आणि नशीब असं की मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये एका गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, खोलून ठेवलेलं होतं. “या, बघा,” म्हणाले आणि हातात टॉर्च दिला. मी सिलिंडरमध्ये वाकून बघितलं. मला वाटलेलं, आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असणार. छे! तिच्यावर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी कोरलेली होती, टॉर्च फिरवला की चौकटी चौकटींनी चमकणारी. होनिंग करताना ती मुद्दाम पाडतात. त्या रेघांत ऑइल धरून राहावं म्हणून! आमच्या आजीच्या पाट्याला टाकी लावायला वर्षाकाठी बाई यायची, गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण धरत नाही म्हणून. तसंच हे. भिंत फार गुळगुळीत झाली तर ऑइल टिकत नाही, फार खरखरीत झाली तर जास्त टिकतं आणि जळतं. त्या गाडीच्या एका सिलिंडरात जाळी वरच्या भागात पुसलेली होती, बोट फिरवलं तर कळत होतं. “ह्यो बगा, हितंच खातंय,” मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी बाकावर पडलेला पिस्टन दाखवला. त्याच्या गळ्यात तीन खाचा, तीन रिंगा. वरच्या दोन मुख्यतः स्फोटाचा दाब वरच्या वर अडवायला. तिसरी ऑइलची. ती रिंगही एकसंध नाही, दोन पातळ पात्या आणि मध्ये नागमोडी स्प्रिंग. पिस्टन खाली येताना ती भिंतीवरचं जादा ऑइल खरवडते आणि खाचेतल्या बारीक भोकांतून परत खाली चेंबरमध्ये पाठवते. भिंतीवर मागं राहतो तो मायक्रॉनभर थर. दर फेऱ्याला! ही भोकं कार्बननं बुजली किंवा रिंग खाचेत चिकटून बसली की खरवडणं थांबतं आणि खप वाढतो. मिस्त्री म्हणतात ‘रिंग जाम झाली’. ऑइल वेळेवर न बदलल्यानं कार्बन साचतो, कार्बननं रिंग जाम होते, जाम रिंगेनं ऑइल जळतं, जळलेल्या ऑइलनं आणखी कार्बन साचतो. चक्रवाढ व्याज शिकवताना पुढच्या वर्षी मी हे उदाहरण देणार आहे.

दुसरी वाट व्हॉल्व्हच्या दांड्यांची. तिथं छोट्या रबरी सील असतात. वय झालं, उष्णतेनं कडक पडल्या, की ऑइल थेंब थेंब खाली उतरतं. आणि इथं सगळ्यात मजेची गोष्ट कळली, ती घाटाची. आमचं माहेर रत्नागिरीकडं, त्यामुळं आंबा घाट नेहमीचा. घाट उतरताना आपण गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढतो. तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद होते, पिस्टन मात्र ओढतच राहतात आणि इनटेकमध्ये जोराची पोकळी तयार होते. ती पोकळी सीलच्या फटीतून, रिंगांच्या कडेनं ऑइल आत ओढते. घाट संपतो, साखरप्याच्या बाजूला रस्ता सपाट होतो, आपण ॲक्सिलरेटर दाबतो, आणि साठलेलं ऑइल एकदम जळून मागून निळसर धुराचा एक पुंजका निघतो! माझ्या गाडीचा निघत नाही, पण आता पुढच्या जुन्या गाड्यांचा निघतो का, हे बघण्यात सगळा घाट कसा उतरतो कळत नाही. आमचे हे म्हणतात, रस्त्याकडं बघ.

धुराचे रंग तर प्रत्येकानं पाठच करावेत. निळसर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे इंधन जास्त. पांढरा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट आत शिरतंय. थंडीत सकाळी सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ निराळी, ती नुसतं पाणी. निळ्यातही पोटभेद आहेत. रात्रभर उभी गाडी सुरू करताना एकच फुत्कार आला तर व्हॉल्व्ह सीलवर संशय, चढावर रेटताना सतत येत असेल तर रिंगांवर. आणि धूर अजिबात नसला म्हणजे ऑइल जळत नाही असं मुळीच नाही. किलोमीटरला दोन थेंबांचा धूर कुणाला दिसणार? उरलासुरला तो सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये निपटतो. कन्व्हर्टरला ते मानवतं असंही नाही, ऑइलमधल्या फॉस्फरसनं तो हळूहळू निकामी होत जातो. बेसुमार ऑइल खाणारी गाडी नुसता टॉप-अप करून चालवू नये, याचं हे एक कारण.

धुरावरून बाबांची स्कूटर आठवली. टू-स्ट्रोक होती ती. पंपावर पेट्रोलबरोबर लिटरला साधारण २० मिली ऑइल मिसळून घ्यायचं, हा तर सगळ्या मराठी मध्यमवर्गाचा नेमच. आता हिशेब करा! लिटरला ४० किलोमीटर धरले तर १००० किलोमीटरला २५ लिटर पेट्रोल आणि त्यात ५०० मिली ऑइल. दीडशे सीसीचं एकच सिलिंडर माझ्या चार सिलिंडरांच्या पाचपट ऑइल जाळत होतं आणि घरात कुणी ब्र काढत नव्हतं, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मापानं मोजून ओतलं जायचं. चार चाकांच्या इंजिनात तेच लपून चालतं, म्हणून त्याचा एवढा संशय!

आणि पहिल्या महायुद्धातली विमानं! त्यांतल्या कित्येकांत रोटरी इंजिनं होती. क्रँकशाफ्ट जागेवर पक्का आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरागरा फिरतंय. ब्रिटिशांचं सॉपविथ कॅमल त्यातलंच. फिरत्या इंजिनात खाली चेंबर कुठून आणायचं? मग ऑइल परत गोळा करायचा प्रश्नच मिटवला. वापरा आणि बाहेर फेका. आणि ऑइल कुठलं, तर एरंडेल! ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही म्हणून. वैमानिक उघड्या जागेत बसलेला, एरंडेलाचा धूर आणि तुषार तोंडावर घेत. त्याचा पोटावर काय परिणाम व्हायचा याचे किस्से विमानविद्येच्या इतिहासात भरपूर आहेत. आमच्या आजीनं ऐकलं असतं तर ती म्हणाली असती, बरंच की, पोट साफ. त्यामानानं अलीकडच्या माझदा आरएक्स-८ सारख्या वँकेल इंजिनाच्या गाड्यांतही ऑइल थोडं थोडं मोजून मुद्दाम ज्वलनात सोडायला वेगळा पंप बसवलेला असतो. तिथं तर ऑइल खाणं हा आराखड्याचाच भाग.

खप मोजायची माझी रीत सांगते, कारण नुसत्या रेघेवरून अंदाज येतो, आकडा येत नाही. सर्व्हिसिंगनंतर पातळी वरच्या खुणेला आहे ना ते बघून किलोमीटर लिहून ठेवायचे. काही महिन्यांनी रेघ मध्याच्या आसपास आली की प्लॅस्टिकच्या मोजपात्रातून, नरसाळ्यानं, थोडं थोडं ओतत पुन्हा त्याच खुणेला आणायची. ओतलं तेवढं खाल्लं. किलोमीटरनं भागा. झाला दर! आणि खरी गंमत दराची आहे. १०० मिली की २०० मिली, याला तसा अर्थ कमी. तोच दर वर्षानुवर्षं टिकला तर इंजिन आपल्या स्वभावानं वागतंय. तो अचानक दुप्पट झाला तर काहीतरी बदललंय. आधी बाहेरचं बघायचं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल फिल्टरची बैठक, आणि मगच हेड खोलायच्या गोष्टी करायच्या. कोरा कागद पार्किंगच्या जागेवर रात्रभर पसरून ठेवला तरी गळतीचा निकाल सकाळी मिळतो.

एक वाकडं वळण मात्र आहे. शाळा-घर, घर-शाळा अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन धड तापत नाही. न जळलेलं थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ रिंगांच्या कडेनं खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. त्यामुळं ऑइल जळत असलं तरी पातळी जागेवर दिसते! मग रत्नागिरीची लांब चक्कर झाली, इंजिन तासन् तास तापलं, की ते पाहुणे उडून जातात आणि रेघ एकदम खाली येते. लांबच्या प्रवासाआधी आणि नंतरही गेज बघा, असं मिस्त्री का सांगतात ते आता उमगलं.

ओतायचं कुठलं? डब्यावरची अक्षरं मला पूर्वी मंत्र वाटायची. ५डब्ल्यू-३०. डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर पळतं, दुसरा आकडा १०० अंशांच्या आसपास ते किती दाट राहतं त्याचा. अमेरिकेतल्या एसएई या संस्थेनं ऑइलच्या दाटपणाची प्रतवारी पहिल्यांदा १९११ मध्ये केली. आमच्या सोसायटीत एक ठाम मत आहे की आपल्याकडं उन्हाळा कडक, म्हणून दाट ऑइल घालावं. पण इंजिन चालू असताना आतलं ऑइल ९०-१०० अंशांच्या घरात असतं, मग गाडी कोल्हापुरात असो की काश्मिरात. थर्मोस्टॅट त्यासाठीच बसवलेला. पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर इंजिनाच्या फटी, पंप, सगळं त्या पातळपणाला धरून बांधलेलं असतं. हेही खरं की इंधन वाचवायला कंपन्यांनी रिंगांचा ताण कमी केला आणि ऑइल पातळ केलं, त्यामुळं काही नव्या इंजिनांचा खप जुन्यांपेक्षा जास्त निघाला. टोयोटाच्या २००७ ते २०११ च्या सुमाराच्या एका २.४ लिटर इंजिनाच्या रिंगा-पिस्टन अमेरिकेत कंपनीला ठराविक अटींवर बदलून द्यावे लागले होते. पण म्हणून आपण घरच्या घरी दाट ऑइल ओतून कंपनीवर मात करायची, हे मला पटत नाही. आणि मोटरसायकलचं उरलेलं ऑइल गाडीत किंवा गाडीचं मोटरसायकलमध्ये, हा काटकसरीचा उद्योग तर नकोच. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, गाडीच्या ऑइलमधल्या घसरपट्टीच्या रसायनांनी तो सटकायला लागतो.

अडीअडचणीला वेगळ्या ब्रँडचं पण त्याच प्रतीचं ऑइल चालतं. डबा सीलबंद हवा, बिल असलेला हवा. रिकामा झाला की मी त्याला सुरीनं भोसकते, कारण जुन्या डब्यांत बनावट माल भरून विकणारे आहेत.

जास्त झालं तर? वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट त्यात फटकारे मारतो, ऑइलला फेस येतो, पंप फेस ओढतो आणि फेसानं बेअरिंगला आधार मिळत नाही. शिवाय जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून इनटेकला जाऊन जळतंच. तेव्हा पुण्य जास्त म्हणून डबा उपडा करायचा नाही. शंभर मिली, थांबा, गेज, पुन्हा शंभर मिली.

आणि डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा, अलादिनच्या दिव्याच्या चित्राचा! कित्येकांना वाटतं, ऑइल कमी झालं की तो लागतो. बहुतेक साध्या गाड्यांत तो पातळीचा नाहीच, दाबाचा आहे. पातळी खालच्या खुणेच्याही खाली जाऊन वळणावर पंप हवा ओढायला लागेल तेव्हा तो लुकलुकेल. तोवर फार उशीर झालेला असतो. तो लागला तर बाजूला घ्यायचं आणि इंजिन बंद. ‘जवळच पेट्रोल पंप आहे, तिथवर नेऊ’ हा विचारसुद्धा नको.

आता माझी ख्याती सोसायटीत पसरलीय. रविवारी सकाळी लोक बोनेट उघडून हाक मारतात. खालच्या मजल्यावरच्यांच्या डिझेल गाडीत तर नवलच निघालं, रेघ वरच्या खुणेच्याही वर! म्हणजे ऑइल वाढलं! बीएस-६ च्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो भरला की जाळून साफ करायला इंजिन जादा डिझेल फवारतं. गाडी गावातल्या गावातच फिरत असेल तर ही सफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहते आणि त्यातलं काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढते, ऑइल पातळ होतं. त्यांना सर्व्हिस सेंटरला पाठवलं, आणि वर महामार्गावर मोठी चक्कर मारत जा असंही सुचवलं. वहिनींनी लगेच नरसोबाच्या वाडीचा बेत ठरवला. ते कमी पडेल, पंढरपूर तरी करा, असं मी म्हणून बघितलंय.

सगळ्यात रुखरुख लागली ती वरच्या मजल्यावरच्या काकांची. त्यांची महागडी जर्मन गाडी. बोनेट उघडलं, मी फडकं घेऊन तयार, आणि काडीच नाही! सगळा कारभार सेन्सरवर. काकांनी कौतुकानं पडद्यावर ‘ऑइल लेव्हल ओके’ दाखवलं. ओके म्हणजे किती? भरून आहे की निम्मं? रंग कसा? वास कसा? बोटाला चिकट लागतं की पाण्यासारखं? काकांना यातलं काही नको होतं. मी मात्र तडक उद्यमनगर गाठलं. मिस्त्री म्हणाले, “त्यातल्या काही मॉडेलना नळी असती बाई, वरनं टोपण मारल्यालं. गेज वर्कशॉपवाला आपला आपण आणतोय, मोजतोय, आणि घिऊन जातोय.” नळी आहे! म्हणजे काडी बनते, आणि बनते म्हणजे कुठंतरी सुटी मिळत असणार. काकांच्या गाडीला ते टोपण आहे का, हे येत्या रविवारी बघणार आहे. काकांना अजून सांगितलेलं नाही.